गुरुवार पिवळ्यात पडला

घरी बसून काम करणाऱ्या बाईला लोक पहिला प्रश्न विचारतात तो ठरलेला असतो. "घरीच असतेस ना? मग जरा एक काम करशील?" हिला तो दिवसातून चारदा तरी ऐकावा लागायचा. शेजारणीचं पार्सल घेऊन ठेव, तिसऱ्या मजल्यावरच्यांची किल्ली सांभाळ, बस चुकलेलं कुणाचं तरी पोर तासभर बसवून घे. घरीच तर असते! असायची खरी घरी, पण तिला खाली टेकलेली कुणी पाहिली असेल तर शपथ. एका कानात फोनची बोंडं, कडेवर नाहीतर पायाशी चार वर्षांचा धाकटा, एका हातात उलथनं आणि दुसऱ्या हाताचा अंगठा सतत काहीतरी टाइप करतोय. आळीतले लोक तिला फोनबाई म्हणायचे. तिच्या तोंडावर नाही, पण तिला माहीत होतं.

तिच्या कामाला व्हर्च्युअल असिस्टंट म्हणतात. सासूबाईंना हे नाव कधी जमलं नाही आणि जमवायची त्यांची इच्छाही नव्हती. कुणी विचारलं की त्या सांगायच्या, "मोठ्या लोकांची पत्रं लिहिते ती." आणि खरं सांगायचं तर त्या इंग्रजी नावापेक्षा म्हातारीचं वर्णन जास्त अचूक होतं. दुसऱ्यांच्या आयुष्यातली उठाठेव आपल्या स्वयंपाकघरातल्या टेबलावर बसून निस्तरायची, त्यांच्या भेटी ठरवायच्या, तिकिटं काढायची, पत्रांना उत्तरं द्यायची, आणि उत्तर असं द्यायचं की समोरच्याला वाटावं, खुद्द त्या माणसानंच लिहिलंय.

धाकटा झाल्यावर तिनं विमा कंपनीतली नोकरी सोडली, तेव्हा नवरा म्हणाला होता, "बघ बाई, एक ना धड भाराभर चिंध्या व्हायच्या." नवरा छापखान्यात पाळीनं मशीन चालवतो, वाईट माणूस नाही, पण बोलून जातो. ते वाक्य तिनं मनात धरून ठेवलं होतं. तीन वर्षांत तिनं तीन गिऱ्हाइकं जमवली आणि एकही सोडली नाही. पहिली एक दातांची डॉक्टरीण, दुसरी मुलांच्या वाढदिवसाच्या पार्ट्या करून देणारी बाई आणि तिसरा एक आर्किटेक्ट. घरखर्चाचा निम्मा भार एकट्या आर्किटेक्टवर होता, म्हणून त्याचा फोन वाजला की घरात सगळ्यांनी चूप बसायचं असा नियम होता. धाकटा तो नियम रोज मोडायचा.

गोंधळ होऊ नये म्हणून तिनं रंग वाटून दिले होते. कॅलेंडरमध्ये डॉक्टरीण निळी, पार्टीवाली नारिंगी, आर्किटेक्ट हिरवा. आणि घर पिवळं. थोरलीची परीक्षा, धाकट्याची लस, सासूबाईंच्या गुडघ्याचा डॉक्टर, गॅसवाला, सगळं पिवळं. आर्किटेक्ट राहायचा दुसऱ्या शहरात. तिनं त्याला एकदाच पाहिलं होतं, तेही स्क्रीनवर, बाजूनं. त्यानं पहिल्याच दिवशी सांगून ठेवलं होतं, "मॅडम, मला काही सांगत बसू नका. हिरव्यात टाका. जे हिरव्यात नाही, ते माझ्यासाठी नाहीच." माणूस शब्दाचा पक्का. सकाळी उठून हिरवं बघायचा आणि त्यात असेल तसा दिवसभर चालायचा.

तर या आर्किटेक्टचा जुना नंबर आता ऑफिसचा नंबर झाला होता आणि तो फोन कुरिअरनं हिच्या घरी येऊन पडला होता. स्वतःसाठी त्यानं नवा नंबर घेतला, तो फार थोड्या लोकांना दिला. त्या थोड्यांमध्ये त्याचे वडील नव्हते.

वडील म्हणजे शिंपी. उभं आयुष्य एका गाळ्यात मशीनवर गेलं, त्यावर मुलगा शिकला, आता गाळा बंद. बायको जाऊन चार वर्षं झाली. मुलानं सांगून ठेवलेलं, "बाबा, फोन करू नका, मी मीटिंगमध्ये असतो. मेसेज टाका." मग ते टाकायचे. मोठ्या मोठ्या अक्षरांत, शब्द जोडून, मध्येच तुटलेले. आर्किटेक्ट हिला म्हणाला, "वडिलांचेही येतील. बघून घ्या. काहीतरी टाकत जा. बरं, काळजी घ्या, असं."

तिनं टाकलं. बरं, काळजी घ्या. पहिला महिना तेवढंच. दुसऱ्या महिन्यात म्हाताऱ्यांनी लिहिलं, "आज सुईत दोरा ओवायला अर्धा तास लागला, हसू आलं." आता याला "बरं, काळजी घ्या" कसं पाठवायचं, सांगा? काही लाज असते की नाही? तिनं विचारलं, "कोणता डोळा?" झालं. तिथून जे सुरू झालं ते आठ महिने चाललं. कालवण खारट झालं, खालच्या दुकानदारानं परकर शिवून मागितला, बायकोचा फोटो भिंतीवरून पडला आणि काच फुटली, कुठल्या जुन्या गिऱ्हाइकानं रस्त्यात ओळखलं. ती भाजी चिरता चिरता वाचायची आणि मुलाच्या नावानं उत्तर द्यायची, मनात मात्र त्यांना काका म्हणायची. औषधं मागवून द्यायला लागली, तेव्हा पत्ता कळला. म्हातारे याच शहरात राहत होते, बसनं वीस मिनिटांवर. ती कधी गेली नाही. जाणार तरी कोण म्हणून?

एकदा त्यांनी लिहिलं, "तू हल्ली लहानपणीसारखा झालायस." त्या दिवशी तिनं फोन उलटा करून ठेवला आणि संध्याकाळपर्यंत उचलला नाही. आपण हे काय करतोय, असं तिला वाटलं. मग सकाळी पुन्हा टिंग वाजलं आणि तिनं पुन्हा उत्तर दिलं. सवय लागली होती, आणि खोटं कशाला बोला, सवय दोन्हीकडून लागली होती.

मोतीबिंदूचं ऑपरेशन म्हातारे दोन वर्षं टाळत होते. भीती. कुणी तरी कुणाचा तरी डोळा गेल्याची गोष्ट सांगितली होती, ती डोक्यात बसलेली. हिनं महिनाभर समजूत घातली. शेवटी त्यांनी लिहिलं, "तू येणार असशील तर करतो. दाराबाहेर उभा राहा, बाकी काही नको." हिनं लिहिलं, "येतो. दाराबाहेर उभा राहीन." आणि दवाखान्यात फोन करून तारीख घेतली. गुरुवार, सकाळी नऊ. संपर्कासाठी मुलगा म्हणून ऑफिसचाच नंबर दिला.

आता पुढं तिनं काय करायला हवं होतं? हिरव्यात टाकायचं, आदल्या संध्याकाळच्या विमानासकट. की आर्किटेक्टनं सकाळी उठून बघावं, कुरकुरत का होईना, पण विमानानं यावं. हिरव्यातली गोष्ट त्यानं आजवर एकही मोडली नव्हती. तिचा हिशोब अगदी बरोबर होता. पण नेमकं त्याच क्षणी धाकट्यानं नाकात मणी घातला. सासूबाई ओरडतायत, थोरली टॉर्च धरून उभी, हिनं पोराचं डोकं काखेत दाबलेलं आणि मोकळ्या अंगठ्यानं तारीख टाकली. काका, उजवा डोळा, नऊ वाजता. मणी निघाला. तारीख पिवळ्यात पडली.

घाईत चूक झाली असं म्हणावं, तर त्या अंगठ्यानं याहून मोठ्या घाईत शेकडो तारखा टाकल्या होत्या आणि एकदाही रंग चुकला नव्हता. औषध, लस, गुडघा, डोळा, हे सगळं पिवळ्यातच जायचं. हात आपोआप तिकडे गेला. आणि तीन आठवड्यांनी, त्या गुरुवारचं हिरवं मोकळं दिसतंय म्हणून तिनं स्वतःच्या हातानं आर्किटेक्टचं तिकडच्या तिकडे, तिसऱ्याच गावाला जायचं विमानाचं तिकीट काढलं. खिडकीची जागा. साडेसात ते दहा दहा.

गुरुवारी सकाळी घरात नेहमीचीच तारांबळ. थोरलीचा एक मोजा सापडत नव्हता. नवरा पहिल्या पाळीला गेलेला. डॉक्टरणीकडे येणाऱ्या दोघांनी वेळ बदलून मागितली होती, पार्टीवालीला फुगे निळे हवे होते आणि आले होते जांभळे. बरोबर आठला फोनवर पिवळी पट्टी आली. काका, उजवा डोळा, नऊ वाजता.

"कुठले काका गं?" थोरलीनं डोकावून विचारलं.

तिनं आधी घरातलेच काका आठवले. माहेरचे, सासरचे. मग म्हातारे आठवले. हिरवं उघडलं. गुरुवार, विमान, साइटची पाहणी. डोळा नाहीच. आर्किटेक्टच्या खासगी नंबरावर लावला. बंद. अर्थात बंद! आत्ता तो ढगांच्या वर, खिडकीशी, तिनंच बसवलेला.

इतक्यात ऑफिसच्या फोनवर टिंग. "निघालो. इस्त्रीचा सदरा घातलाय. तू थेट तिकडेच ये."

तिनं उत्तर लिहायला घेतलं. 'बाबा, अचानक एक काम निघालं.' अशी वाक्यं ती झोपेत लिहायची. तीन गिऱ्हाइकांची मिळून शेकडो कामं तिनं अचानक काढली होती, शेकडो जणांना ताप आणला होता, दूरचे नातेवाईक आजारी पाडले होते. पण हे वाक्य पुरं होईना. कारण पुढचं तिला दिसत होतं. म्हातारे वाचणार, "बरं, कामाकडे बघ" लिहिणार, आणि परत घरी जाणार. दवाखान्याचा नियम होता, सोबत माणूस असल्याशिवाय आत घेत नाहीत. एकदा परत गेले की पुन्हा येणार नाहीत. डोळा जाणार, आणि तो आपल्या अंगठ्यामुळे जाणार. तिनं लिहिलेलं पुसलं.

"आई, धाकट्याला बघाल? मला जायला हवं."

"कुठं?"

"एका पेशंटकडे."

"तू केव्हापासून डॉक्टर झालीस?" सासूबाई म्हणाल्या. मग सुनेचं तोंड बघून त्यांनी पोराला ओढून जवळ घेतलं. "जा. पण केस तरी विंचर."

केस न विंचरताच ती निघाली. थोरलीला बसमध्ये ढकललं, एक मोजा निळा, एक पांढरा. स्वतः दुसऱ्या बसमध्ये चढली. पिशवीत दोन फोन, आपला आणि ऑफिसचा. वीस मिनिटांत डॉक्टरणीचे सहा फोन आले, तिनं एकही उचलला नाही. तीन वर्षांत पहिल्यांदा. बसायला जागा होती तरी ती दाराशी उभीच राहिली, आपण बसलो तर बस हळू जाईल असं काहीतरी खुळं डोक्यात होतं.

दवाखाना म्हणजे एका इमारतीचा दुसरा मजला. भिंतीला टेकवलेल्या प्लास्टिकच्या खुर्च्या, फिनाइलचा वास, कोपऱ्यात पाण्याचं पिंप. तिनं त्यांना लगेच ओळखलं. सदऱ्याची घडी कडक, मांडीवर फाइल, फाइलवर दोन्ही हात, आणि नजर जिन्याकडे. जो कोणी जिना चढून येई त्याच्याकडे ते मान पुढे काढून बघत होते. हिच्याकडेही बघितलं आणि पुन्हा जिन्याकडे वळले.

"काका, मी ऑफिसातून आले. सरांच्या."

"हो का? या, या." त्यांनी फाइल सरकवून जागा केली. "तो गाडी लावतोय का खाली?"

"ते विमानात आहेत, काका."

"असं. उशीर झाला असेल विमानाला." ते म्हणाले आणि जिन्याकडे बघत राहिले.

विमान इकडे येत नाहीये, हे तिनं सांगायला हवं होतं. सांगितलं नाही. तेवढ्यात नर्स आली. "नातेवाईक कोण? इथं सही." हिनं सही केली. नात्याच्या रकान्यापाशी पेन थांबलं. नर्सनं घड्याळाकडे बघितलं, मग हिनं लिहिलं, परिचित. नर्सनं म्हाताऱ्यांच्या उजव्या डोळ्यात थेंब घातले आणि सांगितलं, तासभर बसा, दिसणार नाही नीट. डावा आधीच अधू. आता ते दोन्ही हात गुडघ्यांवर ठेवून समोरच्या पांढऱ्या भिंतीकडे तोंड करून बसले.

दहा वाजत आले. त्यांनी खिशातून फोन काढला आणि तिच्यासमोर धरला. "एक काम कराल? मला अक्षर दिसत नाहीये. त्याला दोन ओळी लिहा. मी सांगतो."

तिनं फोन घेतला.

"लिहा. मी पोचलो. तुझ्या ऑफिसची बाई आली आहे. चांगली आहे. केस विस्कटलेत, धावत आलेली दिसते." मग तिच्याकडे वळून, "हे लिहू नका. बाई आली आहे, एवढंच."

तिनं लिहिलं आणि पाठवलं. तिच्या पिशवीत टिंग झालं.

"आता अजून एक. लिहा. आला नाहीस तरी मी रागावलो नाही. पण आत जायच्या आधी एक ओळ टाक. तुझी ओळ आली की माझे हात थरथरत नाहीत."

तिनं लिहिलं. पाठवलं. पुन्हा टिंग.

"तुमचा वाजतोय," म्हातारे म्हणाले. "बघा ना. कुणीतरी उत्तराची वाट बघत असेल."

ती काय करू शकली असती, ते तिला लख्ख दिसत होतं. पिशवीत हात घालायचा. 'बाबा, मी आहे' एवढं टाकायचं. त्यांच्या फोनवर येईल ते वाचून दाखवायचं. ते आत जातील, डोळा होईल, सगळं सुरळीत. नोकरीही राहील. दहा सेकंदांचं काम. अंगठा पिशवीत गेलाही होता. पण शेजारी बसलेल्या माणसाला, तो आंधळा झालेला असताना, त्याचाच फोन वापरून फसवायचं? आजवर भिंतीआड होतं म्हणून जमलं. बाजूला बसून जमेना.

"काका, उत्तर यायचं नाही," ती म्हणाली. "तुमचे मेसेज माझ्याकडे येतात. उत्तर मीच देते."

त्यांना कळलं नाही. "म्हणजे आज तुम्ही देताय?"

"रोज. आठ महिने झाले."

पिंपाचा नळ कुणीतरी उघडला, बंद केला.

"सुईचं?"

"मी."

"वाढदिवसाला सकाळी सहाला आला होता तो मेसेज?"

"मी. धाकटा लवकर उठला होता."

"फोटोची काच फुटली तेव्हा त्यानं लिहिलं होतं, आई हसली असती." त्यांचा आवाज चिरकला. "तेही तुम्ही?"

"तेही मीच."

"तुम्ही तिला पाहिलंय तरी का कधी?"

"नाही."

"लाज नाही वाटली?"

"वाटली. पुष्कळदा वाटली," ती म्हणाली. डोळ्यांत पाणी आलं होतं, ते त्यांना दिसत नव्हतं. "पण सकाळी तुमचा मेसेज आला नाही तर मला चैन पडायचं नाही, काका. हे खोटं नाही."

"त्याला माहीत आहे, मी आज इथं आहे?"

"नाही. ती चूक माझी. मी त्यांना कळवलंच नाही."

"मग मी डोळा देतोय तो कुणाच्या भरवशावर?"

याचं उत्तर काय द्यायचं, कुठल्या गिऱ्हाइकाच्या सुरात द्यायचं? "माझ्या," ती म्हणाली. "सही माझी आहे. दाराबाहेर मी थांबते."

ते उठले. तिला वाटलं, चालले घरी. ते जिन्याच्या दिशेनं दोन पावलं गेलेही, हात पुढे करून, चाचपडत. ती मागं धावली नाही, तिला ते धाडसच झालं नाही. तेवढ्यात नर्सनं पुकारा केला. म्हातारे थांबले. बराच वेळ थांबले. मग नर्सच्या आवाजाच्या रोखानं वळले आणि तिच्या अंगावरून जाताना म्हणाले, "फोन तुमच्याकडेच राहू दे. पण त्यावर काही लिहाल तर याद राखा."

दार लागलं. ती दारासमोर उभी राहिली. खुर्च्या रिकाम्या होत्या, पण उभं राहायचं ठरलं होतं.

दहा पंचवीसला आर्किटेक्टचा फोन लागला. तिनं एका दमात सांगितलं. डोळा, तारीख, पिवळं, सगळं. त्याला पहिलं काय सुचावं?

"हिरव्यात नव्हतं हे."

"नव्हतं. चूक माझी आहे."

"ठीक आहे, आता त्यांना टाका काहीतरी. विमान रद्द झालं वगैरे."

"सर, मी त्यांना खरं सांगितलं. सगळं. आठ महिन्यांचं."

पलीकडे माणसांचा गलका, सामानाच्या पट्ट्याचा घरघराट. "कुणाला विचारून?" तो ओरडला. "माझ्या वडिलांना तुम्ही कोण सांगणाऱ्या? कामावर ठेवलंय तुम्हाला मी!"

"माहीत आहे. काम काढून घ्या, हरकत नाही." हरकत कशी नव्हती! घराचा निम्मा भार होता. नवऱ्याचं ते चिंध्यांचं वाक्य कानात वाजलं आणि तिला रडूच कोसळलं असतं, पण दार समोर होतं. "दहा-पंधरा मिनिटांत ते बाहेर येतील. त्यांचा फोन माझ्याकडे आहे. तुम्ही स्वतः लावा."

पलीकडचा गलका मागं पडला, तो कुठंतरी बाजूला गेला असावा. मग बोलला तेव्हा आवाज अगदी वेगळा होता, लहान झालेला. "काय बोलू मी? आईचं झाल्यापासून आम्ही धड बोललेलोच नाही. मला जमत नाही त्यांच्याशी." आणि मग, "मॅडम, तुम्हाला माहीत आहे त्यांच्याशी कसं बोलायचं. चार ओळी लिहून पाठवा ना. मी वाचून बोलतो."

चार ओळी तिच्या डोक्यात तयार होत्या. विचारायच्या आतच तयार झाल्या होत्या, कुठं थांबायचं ते सुद्धा. तिला त्याची कीव आली आणि रागही आला.

"नाही सर," ती म्हणाली. "हे मी लिहिणार नाही."

त्यानं फोन ठेवला.

पावणेअकराला म्हातारे बाहेर आले, डोळ्यावर पट्टी, नर्सच्या दंडाला धरून. "छान झालं," नर्स म्हणाली, "अर्धा तास बसा." ती पुढं झाली. त्यांनी तिचा हात धरला नाही, खुर्चीची पाठ चाचपून स्वतःच बसले. तिनं विचारलं, दुखतंय का. त्यांनी मान दुसरीकडे वळवली. पाण्याचा पेला दिला, तो मात्र घेतला आणि अर्धा प्यायले.

"उभ्या होतात?" जरा वेळानं त्यांनी विचारलं.

"हो."

"नर्स म्हणाली." पेला त्यांनी परत दिला.

आणि तिच्या हातातला त्यांचा फोन वाजायला लागला. अनोळखी नंबर, पण तिला पाठ असलेला. तिनं त्यांच्या तळहातावर फोन ठेवला आणि हिरव्या खुणेवर त्यांचं बोट नेऊन टेकवलं.

"हं," म्हातारे म्हणाले. "कोण?"

पलीकडून एकच शब्द आला, "बाबा." तिला ऐकू आला. मग काहीच नाही. श्वास तेवढा. दहा सेकंद, वीस सेकंद. तिच्या जिभेवर वाक्य येऊन थांबलं होतं, त्याच्यासाठी एक आणि यांच्यासाठी एक, दोन्ही चपखल. तिनं ओठ दातांखाली दाबला आणि खिडकीकडे चालू लागली.

मागून म्हाताऱ्यांचा आवाज आला, जरा कडकच. "ऐकतोय मी. तुला जमेल तसं बोल."